रजा फाईलमध्ये, ड्युटी भिंतीवर

सेकंड शिफ्ट दुपारी 3 ला लागते, रात्री 11 ला सुटते. जळगावच्या एमआयडीसीतून घरी पोचून, हातपाय धुऊन ताटावर बसेपर्यंत बारा वाजतात. झोप लागते एकला. सकाळी आठला जाग आली आणि पोराची शाळा 11 ते 5 असली, तर साडेदहाला तो दप्तर उचलेपर्यंत बापाच्या वाट्याला अडीच तास येतात. त्यातला निम्मा वेळ अंघोळ आणि डब्यात जातो. शाळा सकाळची असेल तर पोरगा एकला घरी येतो आणि बाप सव्वादोनला बूट घालतो. म्हणजे सव्वा तास. सहा दिवसांचा हिशोब केला तर पहिल्या घरात पंधरा तास, दुसऱ्यात साडेसात. पगार तोच, मशीन तेच. कंपनीच्या नियमपुस्तकात कुटुंबाबद्दल एक ओळ नसली तरी त्या पुस्तकाने घराचं वेळापत्रक ठरवून टाकलेलं असतं.

नवीन नोकरी लागली की माणूस आधी विचारतो, "रजा किती?" हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो चौथ्या नंबरवर असायला हवा. त्याआधी तीन गोष्टी विचारायच्या: ड्युटी किती दिवस आधी कळते, रजेवर सही कोणाची लागते, आणि तुम्ही गेलात तर तुमच्या जागी कोण उभं राहतं. या तिन्हींची उत्तरं समाधानकारक नसतील तर कागदावरच्या तीस रजाही घराच्या कामाला येत नाहीत.

अभ्यासकांनी या ओढाताणीचे प्रकार पाडलेत. जेफ्री ग्रीनहाउस आणि निकोलस ब्यूटेल या अमेरिकी प्राध्यापकांनी 1985 मध्ये केलेली मांडणी आजही वापरली जाते. पहिली ओढाताण वेळेची: एकाच वेळी दोन ठिकाणी हजर राहता येत नाही. दुसरी थकव्याची: माणूस घरी असतो, पण अंगात त्राण नसतं. तिसरी वागण्याची: दिवसभर लाइनवर ओरडणारा सुपरवायझर घरी येऊनही त्याच पट्टीत बोलतो. रजा फक्त पहिल्या प्रकारावर चालते. बाकीच्या दोन्हींवर शिफ्टची आखणी आणि वरिष्ठांची वागणूक यांचाच उपाय आहे.

थकव्याच्या बाबतीत खान्देशची एक अडचण खास आहे. थर्ड शिफ्ट करून सकाळी साडेसातला आलेला माणूस मे महिन्यात झोपणार कधी? जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या आसपास, वर पत्रा, कूलरमध्ये पाणी भरायला कोणी जागं पाहिजे, आणि शाळांना सुट्ट्या असल्याने पोरं दिवसभर घरात. चार तासांची तुटक झोप घेऊन तो रात्री पुन्हा मशीनवर उभा राहतो. त्यामुळे हिवाळ्यात निभावणारा नाईटचा चार्ट उन्हाळ्यात जसाच्या तसा ठेवणं चूक आहे. एप्रिल-मेमध्ये सलग सहाऐवजी तीन नाईट, आणि शिफ्ट फिरवायची ती फर्स्ट, सेकंड, थर्ड या क्रमाने, उलटी नाही. शरीराला झोप पुढे ढकलणं जमतं, मागे ओढणं जड जातं. या बदलाला मालकाचा एक रुपयाही लागत नाही, तरी तो फार कमी ठिकाणी दिसतो.

आणि नियमाचा भार घरात कोणावर पडतो? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी 289 मिनिटं त्यात जातात असं दिसलं. जे पुरुष घरकाम करतात त्यांची 88 मिनिटं. त्यामुळे पुरुषाच्या ड्युटीत अचानक बदल झाला की पहिली घडी त्याच्या बायकोची विस्कटते, मग ती स्वतः नोकरी करत असो वा नसो.

रजा नाकारली का जाते

सुपरवायझर खडूस आहे म्हणून, असं सगळे म्हणतात. असतोही कधी कधी. पण बहुतेक वेळा त्याच्याकडे द्यायला माणूसच नसतो, आणि तो का नसतो हे साध्या गणितात दिसतं.

समजा पाइप बनवणाऱ्या कारखान्यात चोवीस तास चालणाऱ्या दहा मशिनी आहेत, प्रत्येकीवर एक ऑपरेटर. तीन शिफ्ट धरून दिवसाला 30 ड्युट्या, वर्षाला 10,950. एका माणसाच्या 365 दिवसांतून 52 साप्ताहिक सुट्ट्या गेल्या की 313 उरतात. 10,950 भागिले 313, आली 35 माणसं. भरतीचं गणित बहुतेक इथेच थांबतं. पण त्याच माणसाला वर्षात समजा 8 सणांच्या पगारी सुट्ट्या, 8 सीएल (किरकोळ रजा) आणि सुमारे 15 पीएल (वार्षिक पगारी रजा) आहेत. त्या वजा केल्यावर तो प्रत्यक्षात 282 दिवस मिळतो. आता 10,950 ला 282 ने भागा: 39 माणसं लागतात. चार कमी आहेत. वर्षाला 1,080 ड्युट्या रिकाम्या राहतात, म्हणजे रोज तीन. रोज तीन माणसांनी डबल करायची, नाही तर तिघांची रजा नाकारायची. सुपरवायझर दुसरा मार्ग धरतो, कारण सलग 16 तास मशीनवर उभं करणं कायद्यातही बसत नाही.

मग चार माणसं जास्त का घेत नाहीत? ओव्हरटाइमचा दर कायद्याने दुप्पट आहे. 1,080 ड्युट्या ओटीवर काढल्या तर 2,160 दिवसांचा पगार जातो. चार माणसं ठेवली तर त्यांचे पगारी दिवस होतात 4 गुणिले 313, म्हणजे 1,252. पीएफ वगैरे धरूनही माणसं ठेवणंच स्वस्त. ओटी परवडते ती फक्त एकेरी दराने दिली तर: 1,080 विरुद्ध 1,252. जिथे कायम माणूस कमी आणि कायम ओटी चालू, तिथे पगाराच्या स्लिपवर ओटीचा दर काय लावलाय ते बघा. उत्तर बहुधा तिथेच असतं.

सहा-सात माणसांच्या दुकानात किंवा दालमिलच्या ऑफिसात हे गणित वेगळं चालतं. तिथे माणसं पुरेशी असतात, पण एक काम एकालाच येतं. जीएसटीचं काम एकट्या अकाउंटंटच्या हातात असेल, तर महिन्याच्या 11 तारखेला जीएसटीआर-1 आणि 20 ला 3बी ही विवरणपत्रं भरायची असतात. या दोन तारखांच्या अलीकडे-पलीकडे त्याच्या घरी काहीही झालं तरी रजा नाही. उपाय नियमात लिहिण्यासारखाच आहे: प्रत्येक कामाला दुसरा जाणकार, आणि त्या दुसऱ्याने तीन महिन्यांतून एकदा ते काम खरोखर करायचं. नुसतं "त्यालाही येतं" असं म्हणून भागत नाही. पासवर्ड बदललेला असतो, हे रजेच्या दिवशीच कळतं.

भिंतीवरचा चार्ट

पुढच्या आठवड्याची ड्युटी शनिवारी संध्याकाळी लागते, अशी पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. मग डॉक्टरची तारीख, पालकसभा, शेतात फवारणीला हात लावणं, सगळं "बघू, ड्युटी लागली की सांगतो" वर अडकतं. वार महिन्याआधी कळला असता तर यातली निम्मी कामं रजा न घेताच झाली असती. शिफ्ट आधी माहीत असेल तर डॉक्टरची वेळ शिफ्टच्या बाहेर घेता येते. रजांची मागणी कमी करायचा सर्वांत स्वस्त उपाय हाच.

मालकाला यात तोटा आहे का? अमेरिकेत गॅप या कपड्यांच्या साखळीच्या 28 दुकानांमध्ये हे तपासून पाहिलं गेलं. जोन विल्यम्स, सुसान लँबर्ट आणि सरवणन केशवन या संशोधकांनी 2018 मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. ज्या दुकानांत वेळापत्रक स्थिर आणि आधी कळणारं केलं, तिथे विक्री सुमारे 7 टक्क्यांनी वाढली. जुना, गिऱ्हाईक ओळखणारा सेल्समन काउंटरवर असला की माल जास्त विकला जातो. यात नवल वाटण्यासारखं काही नाही.

नियम लिहायचा असेल तर असा: चार्ट 14 दिवस आधी लागेल, लागल्यानंतरचा बदल लेखी आणि दोघांच्या संमतीने, दोन कामगारांनी आपसात शिफ्ट बदलायची असेल तर एका कागदावर दोघांच्या सह्या आणि 24 तास आधी सुपरवायझरला कळवणं पुरे. घोळ होतो तो दुसऱ्या कलमात. चार्ट वेळेवर लागतो, पण "उद्या जरा लवकर ये" असा निरोप रात्री फोनवर येतो. तोंडी बदल चालणार नाही हे स्पष्ट लिहिलं नाही, तर 14 दिवसांच्या कलमाला अर्थ राहत नाही.

लेट मार्क आणि हजेरी भत्ता

भुसावळ ते जळगाव साधारण पंचवीस किलोमीटर. पास काढून अप-डाऊन करणारे बँकेत, कोर्टात, शाळेत, जिल्हा परिषदेत हजारोंनी आहेत. तसेच अमळनेर, पाचोरा, चाळीसगावचे. गाडी वीस मिनिटं लेट झाली, थम्ब मशीनवर दहा मिनिटांची सवलत, लेट मार्क पडला. बऱ्याच ठिकाणी तीन लेट मार्कांना एक सीएल कापतात. वर्षात 24 वेळा गाडी लेट झाली की आठही सीएल संपल्या. आणि मग आईला दवाखान्यात न्यायचं असतं तेव्हा खात्यावर शून्य. घरातल्या अडीअडचणीसाठी ठेवलेली रजा रेल्वेच्या वेळापत्रकाने खाल्ली, हे हजेरीच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही. जिथे काम काउंटरचं किंवा लाइनचं नाही, तिथे साडेनऊ ते साडेदहा या तासात कधीही या आणि ठरलेले तास भरा, अशी सोय ठेवली की हा प्रश्न मिटतो. काउंटरवर ते जमत नाही, पण उशिराची मिनिटं त्याच दिवशी भरून द्यायची मुभा तिथेही देता येते.

सरकारी कार्यालयांचा अनुभव दुधारी आहे. राज्यात 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आला, दवाखाने, पोलीस, शाळा अशा सेवा वगळून. सगळे शनिवार मोकळे झाले. बदल्यात रोजचा दिवस 45 मिनिटांनी लांबला, वेळ 9:45 ते 6:15 झाली. कार्यालयाजवळ राहणाऱ्याला हा सौदा फायद्याचा. ज्याची सहाची गाडी चुकते आणि पुढची आठला आहे, त्याचे रोजचे दोन तास गेले. नियम एक, पण त्याची किंमत पत्त्यावर ठरते.

हजेरी भत्ता हा त्याहून चोरटा प्रकार. समजा रोज ₹500 आणि महिन्यात एकही खाडा नसेल तर ₹1,000 भत्ता. पोराला ताप आला म्हणून एक दिवस पगारी सीएल घेतली, तरी भत्ता बुडाला. म्हणजे पगारी रजा दोन दिवसांच्या मजुरीला पडली. मग आई रजा घेते, कारण बहुधा तिचा पगार कमी असतो. महिन्याभरात तिचे तीन खाडे पडतात आणि वर्षअखेरीस "तिची हजेरी चांगली नाही" असा शेरा मिळतो. भत्ता ठेवायचाच असेल तर मंजूर रजेचा दिवस हजेरीतच मोजला पाहिजे, किंवा भत्ता पायऱ्यांनी कापला पाहिजे. एका दिवसासाठी सगळाच उडवायचा नाही.

आखाजी आणि कानबाईचा सोमवार

दुकाने व आस्थापनांसाठीच्या महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्यात वर्षाला 8 पगारी सणसुट्ट्या आहेत. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून वर्ष सुरू होण्याआधी ठरवायच्या. शिवाय 8 सीएल, त्या तिमाहीप्रमाणे जमा होतात आणि वर्षअखेरीस बुडतात.

या चार सुट्ट्यांची यादी बहुतेक मुंबई-पुण्याच्या ऑफिसातून तयार होऊन येते. तिच्यात आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, नसते. खान्देशात लेक माहेरी यायचा सण तो. त्या आठवड्यात निम्म्या बायका रजेचा अर्ज देतात आणि निम्म्यांचे नामंजूर होतात. कानबाई या खान्देशच्या देवीचं तर वेगळंच. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, सोमवारी विसर्जन. रविवारची सुट्टी असते म्हणून कॅलेंडर बघणाऱ्याला वाटतं, सण सुट्टीतच आहे. पण रात्रभर जागून, रोट करून, सकाळी मिरवणुकीने नदीवर जाणाऱ्या घराला सोमवार लागतो. डिसेंबरमध्ये व्यवस्थापनाला लेखी पत्र देऊन चारपैकी दोन सुट्ट्या इकडे वळवता येतात. मालकाला एकही दिवस जास्त द्यावा लागत नाही, उलट त्या सोमवारी निम्म्या माणसांवर लाइन चालवायचं नाटक टळतं.

जिथे सगळ्यांना एकदम सोडता येत नाही, तिथे "आधी अर्ज, आधी रजा" हा नियम वरवर न्यायाचा वाटतो. प्रत्यक्षात ज्यांना ऑफिसची आतली बातमी आधी कळते त्यांचेच अर्ज आधी जातात. आळीपाळी बरी: यंदा आखाजी ज्यांना मिळाली त्यांची पुढल्या वर्षी दिवाळी.

बाळंतपणाची रजा: पैसे कोण देतं ते आधी बघा

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या आणि 1961 चा मातृत्व लाभ कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. हक्क जवळपास तेच राहिले. पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे पगारी रजा, त्यातले जास्तीत जास्त 8 आठवडे बाळंतपणाच्या अंदाजे तारखेआधी. दोन मुलं हयात असतील तर 12 आठवडे. गर्भपात झाल्यास 6 आठवडे. अट एकच: अंदाजे तारखेच्या मागच्या 12 महिन्यांत त्या आस्थापनेत 80 दिवस काम झालेलं असावं. सगळ्या कारखान्यांना आणि दहा किंवा जास्त माणसांच्या दुकान-ऑफिसांना हे लागू आहे. 26 आठवडे म्हणजे 182 दिवस, रविवारसकट. मधले रविवार कापायचे नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्येच सांगून ठेवलंय. तरी अजून रविवार कापलेले हिशोब बघायला मिळतात.

आता खरी गोम. ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाची योजना, लागू असेल आणि पगार महिना ₹21,000 पर्यंत असेल, तर रजेचे पैसे महामंडळ देतं. त्यासाठी दरमहा कामगाराकडून 0.75 टक्के आणि मालकाकडून 3.25 टक्के जातात. ₹15,000 पगारावर ₹112.50 आणि ₹487.50. ही वर्गणी पुरुषाच्या पगारावरही तितकीच असते, म्हणून बाई ठेवल्याने मालकाचा खर्च वाढत नाही. पण पगार ₹22,000 झाला की ती योजनेबाहेर. मग सहा महिन्यांचे ₹1,32,000 मालकाच्या खिशातून, वर बदली माणसाचा पगार वेगळा. मुलाखतीत "लग्न कधी करणार?" हा प्रश्न इथून येतो. भरतीत लिंगावरून भेदभाव करायला वेतन संहितेची मनाई आहे, पण भेदभाव करणारा तसं लिहून देत नाही. बाळंतपणाचा खर्च सगळ्या मालकांत वाटला जात नाही तोवर ही चोरवाट बंद होणं कठीण.

जिनिंगमधल्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यातल्या बायकांचं काय होतं ते मुद्दाम पाहण्यासारखं आहे. कापसाचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च; महिन्याला 26 दिवस धरले तर 130 दिवस. जिनिंग-प्रेसिंग हंगामी कारखान्यात मोडत असल्याने ईएसआयसी तिथे लागूच नाही. वार्षिक पगारी रजेला व्यावसायिक सुरक्षेच्या नव्या संहितेत कॅलेंडर वर्षात 180 दिवस कामाची अट आहे, पूर्वी 240 होती. 130 दिवसांत तीही भरत नाही. बाळंतपणाच्या हक्काची 80 दिवसांची अट मात्र भरते. अडतं ते दोन ठिकाणी. नाव ठेकेदाराच्या वहीत असतं, कारखान्याच्या हजेरीपत्रकावर नसतं. आणि हंगाम संपला की नोकरीच संपली, असं ठेकेदार म्हणतो. नियुक्तीपत्र देणं आता बंधनकारक आहे. ते मागायची वेळ नोव्हेंबरची, पोट दिसायला लागल्यावरची नाही.

पैसे दोन हप्त्यांत मिळतात: बाळंतपणाआधीच्या काळाचे गरोदरपणाच्या दाखल्यावर आगाऊ, उरलेले बाळंत झाल्याचा पुरावा दिल्यापासून 48 तासांत. मालकाने दवाखान्याची मोफत सोय केली नसेल तर ₹3,500 वैद्यकीय बोनस वेगळा. कामावर परतल्यावर मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला दिवसातून दोन जादा सुट्ट्या. काम घरून होण्यासारखं असेल तर दोघांच्या संमतीने तसंही करता येतं; "संमतीने" हा शब्द आहे, त्यामुळे तो हक्क म्हणून मागता येत नाही.

पाळणाघराच्या कलमाचा गैरसमज तर ठरलेला: "आमच्याकडे पन्नास बायका कुठे आहेत?" कलमात पन्नास बायका नाहीत, पन्नास कर्मचारी आहेत, बाई-पुरुष सगळे धरून. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे, जेवणाच्या सुट्टीसकट. महिला व बाल विकास मंत्रालयाच्या 2018 च्या सूचनांनुसार पाळणाघर कामाच्या जागेपासून 500 मीटरच्या आत, 6 महिने ते 6 वर्षांच्या मुलांसाठी. 26 आठवड्यांच्या रजेला हे बरोबर जुळतं; रजा संपते तिथे पाळणाघर सुरू होतं. 12 आठवड्यांवर परत येणाऱ्या तिसरेपणच्या बाईला मात्र मधले तीन महिने कोणीच धरत नाही.

पन्नास-साठ माणसांचे चटईचे किंवा डाळीचे कारखाने एकेकटे पाळणाघर चालवू शकत नाहीत, हे खरं. पण संहितेत अनेक आस्थापनांनी मिळून एकच चालवायची मुभा आहे. एमआयडीसीतल्या एका गल्लीतल्या पाच शेडनी एक खोली घ्यायची, बाया ठेवायच्या, खर्च माणसांच्या प्रमाणात वाटायचा. पाळणाघर बंद पडतं ते बहुधा वेळेमुळे: ते साडेपाचला कुलूप लावतं आणि लाइन सहाला सुटते. शेवटची शिफ्ट सुटल्यावर अर्धा तास उघडं राहील, एवढं करारात लिहून घ्या.

बापाचा विषय लवकर आटोपतो, कारण खासगी नोकरीत पितृत्व रजेचा कायदाच नाही. भुसावळला रेल्वेत, म्हणजे केंद्राच्या नोकरीत, 15 दिवस मिळतात. स्वीडनने 1995 मध्ये एक महिना फक्त बापासाठी राखला, न घेतला तर बुडतो; त्यानंतर तिथले पुरुष रजा घेऊ लागले. आपल्याकडे सगळी रजा आईच्या नावावर असल्याने मूलही तिच्याच नावावर पडतं.

शासकीय महिलांना राज्यात 2018 पासून 180 दिवसांची बालसंगोपन रजा आहे, मूल 18 वर्षांचं होईपर्यंत. केंद्रात ती 730 दिवसांची. चांगली तरतूद. पण धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या दोन शिक्षकी शाळेत एक बाई दोन महिने रजेवर गेली की चारही वर्ग दुसऱ्यावर येतात. मग केंद्रप्रमुख "परीक्षेनंतर बघू" म्हणतात, आणि मुलाची दहावी तर त्याच मार्चमध्ये असते. इथेही पाइपच्या कारखान्यातलंच गणित: रजा दिली, बदली माणूस दिला नाही.

फोन

ड्युटी सुटल्यावर फोन न उचलायचा हक्क देणारा कायदा भारतात नाही. सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं, कायदा झाला नाही. फ्रान्समध्ये 2017 पासून आहे. तोवर ऑफिसने आपल्यापुरतं ठरवावं: ग्रुपवर आठनंतर आलेल्या मेसेजचं उत्तर सकाळी, खरंच तातडी असेल तर फोन करायचा, मेसेज टाकायचा नाही. फोन करायला माणूस दहा वेळा विचार करतो, म्हणून ही चाळणी चालते. पुण्या-मुंबईच्या कंपनीचं काम जळगावात घरून करणाऱ्यांची अडचण उलटी. घर त्यांना मोकळं समजतं. "घरीच आहेस ना, गिरणीवरून दळण आण." अशांनी मीटिंगच्या वेळा कागदावर लिहून दारावर लावाव्यात. ऐकायला पोरकट वाटतं, पण एकत्र कुटुंबात तोंडी सांगितलेलं टिकत नाही.

अर्ज कसा द्यायचा

रजेचा अर्ज दोन प्रतींत. वर तारीख, खाली कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, रजेचा प्रकार, आणि त्या दिवसांत काम कोण बघेल त्याचं नाव त्याच्या सहीसकट. हे शेवटचं लिहिलं की नकाराचं मोठं कारण निघून जातं. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का किंवा सही घ्यायची. नसेल देत तर तोच मजकूर ई-मेलने किंवा सुपरवायझरच्या व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवायचा. बाळंतपणाच्या नोटिशीत रजा कधीपासून, पैसे कोणाच्या हातात द्यायचे आणि त्या काळात दुसरीकडे कुठे काम करणार नाही, या तीन गोष्टी हव्यात. नोटीस आधी द्यायची राहिली तर बाळंतपणानंतर दिली तरी हक्क जात नाही.

नियमपुस्तकात एक ओळ घालून घेता आली तर ही घाला: अर्जाला तीन दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर रजा मंजूर समजावी. ती नसेल, तर नकार लेखी मागा. नामंजुरीचं कारण लिहायचं म्हटलं की निम्मे नकार विरघळतात. उरलेल्यांसाठी जळगाव, धुळे, नंदुरबार इथली कामगार विभागाची कार्यालयं आहेत, कारखाना असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. तिथे जाताना तीन कागद न्यायचे: नियुक्तीपत्र, मागच्या तीन महिन्यांच्या पगार-स्लिपा आणि शिक्का असलेली अर्जाची प्रत. स्लिप मिळत नसेल तर बँकेचं पासबुक भरून घ्या, आणि हजेरी ठेकेदाराच्या वहीत असेल तर त्या पानाचा फोटो दर महिन्याला काढून ठेवा.